'शांत हो' म्हटल्याने कोण शांत झालंय?

पत्रांकडे वळण्याआधी एक निरोप. वहीच्या फाडलेल्या पानावर, नाव-गाव न घालता दोन ओळी पाठवणाऱ्या वाचकासाठी.

तुमचं पत्र मी छापत नाही, कारण ते छापण्यासाठी लिहिलेलं नाही. महिन्यातून एकदा निघणारं हे सदर तुमच्यासाठी फार उशिराचं आहे. १४४१६ हा सरकारच्या 'टेलिमानस'चा क्रमांक. ऑक्टोबर २०२२पासून तो सुरू आहे, दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आज रात्रीच फोन करा. घरात फवारणीचं औषध किंवा गोळ्यांचा साठा असेल तर तो आजच दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्या. घरातल्या एका माणसाला, एकालाच, सांगा की मला एकटं सोडू नका. जीव नकोसा होण्याचा भर कायमचा नसतो, तो ओसरतो. तोवर हाताशी साधन नसणं आणि शेजारी माणूस असणं यावर फार काही अवलंबून असतं.

बाकीच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा एकच आहे, 'त्या क्षणी स्वतःला शांत कसं करू?' उत्तर मात्र एक नाही. भीती, राग आणि दुःख या तिघांवर आपण एकच औषध लावत बसतो, आणि त्यात डॉक्टरही आले.

ठाणे सुटलं की…

"वय ३४. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला नोकरीला जाते. मार्चमध्ये सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, ठाणे सुटल्यावर, एकदम छातीत धडधडायला लागलं. हातापायांना मुंग्या आल्या, बोटं आखडली, श्वास पुरेना. वाटलं, संपलं. घाटकोपरला बायकांनी उतरवून बसवलं. ईसीजी, टूडी एको, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तेव्हापासून फास्ट सोडली. स्लोने जाते, दाराशी उभी राहते. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि सासऱ्यांची जिभेखाली ठेवायची गोळी असते. तरी आठवड्यातून एकदा मध्येच उतरते. मैत्रिणीने कपालभाती सांगितली, गाडीत केली तर आणखीच वाढलं. गाडीत शांत कसं राहायचं?"

पहिलं काम, ती गोळी पर्समधून काढा आणि सासऱ्यांना परत द्या. हृदयविकाराच्या माणसाला लिहून दिलेली ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते. तुम्ही घेतलीत तर रक्तदाब उतरेल आणि चक्कर येईल. मग ती चक्कर पाहून तुम्ही आणखी घाबराल. दुसरं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेवढं करून घ्या. दोन्हींपैकी काही बिघडलं तरी धडधड होते.

तुम्हाला आला तो पॅनिक अटॅक. संकट दिसलं की शरीर लढायला नाहीतर पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली सविस्तर मांडलं. अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पंप करतं, श्वास वाढतो. वाघ समोर असता तर हे सगळं कामाला आलं असतं. महिलांच्या डब्यात ना पळता येत, ना लढता (लढायला थोडीफार जागा असते म्हणा, पण त्या लढाया वेगळ्या). पळायचं नसताना श्वास मात्र पळण्याचा चालू राहिला, म्हणून रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटला. मुंग्या, आखडलेली बोटं, डोकं हलकं होणं ही सगळी त्याची लक्षणं. म्हणजे हवा कमी पडत नव्हती, श्वास जास्त होत होता. कपालभातीने वाढलं त्याचं कारणही हेच. भराभर श्वास सोडण्याची ती क्रिया सकाळी सतरंजीवर ठीक आहे, अटॅकच्या मध्यावर नाही.

पण शरीराने सुरुवात केली तरी पुढचं काम विचाराने केलं. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६मध्ये दाखवलेलं चक्र असं आहे. धडधड होते, माणूस तिचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थाने आणखी घाबरतो, धडधड आणखी वाढते. हे चक्र साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आपोआप उतरतं. घाटकोपरला तुम्ही उतरला नसता तरी ते उतरलं असतं. मेंदूने मात्र नोंद केली की उतरले म्हणून वाचले. पुढच्या खेपेला बाटली होती म्हणून वाचले, दाराशी होते म्हणून वाचले. मार्चपासून ही यादी वाढते आहे आणि तुमचं जग लहान होत चाललं आहे.

म्हणून 'गाडीत शांत कसं राहायचं' हा प्रश्नच सोडून द्या. धडधडत्या छातीने प्रवास कसा करायचा, ते शिकायचं आहे.

अटॅक आला तर तोंड बंद ठेवा आणि नाकाने श्वास घ्या, मोठा नको, सावकाश. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचा वेग जरा कमी होतो, ही शरीराची मुळातलीच रचना आहे, म्हणून सोडणं लांबवायचं. 'दीर्घ श्वास घ्या' असं कोणी सांगितलं की घाबरलेला माणूस हवा गिळत सुटतो आणि बिघडवून ठेवतो. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. श्वासाकडून एवढंच मागायचं की गोष्ट आणखी बिघडू नये. भीती घालवण्यासाठी तो वापरायला लागलात तर बाटलीच्या यादीत आणखी एक भर पडेल. भीती असू द्या. डब्यात कोण काय विकतंय बघा, पुढचं स्टेशन कोणतं ते मनात म्हणा, आणि उतरू नका.

हे थेट सकाळच्या गर्दीत करायचं नाही. रविवारी दुपारी डोंबिवली-ठाणे, स्लोने, नवऱ्याबरोबर. मग तेच एकटीने, मग दाराऐवजी आत बसून, मग बाटली घरी ठेवून. त्यानंतर दुपारची फास्ट आणि शेवटी तुमची नेहमीची गाडी. एक पायरी कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची घ्यायची, आधी नाही. घरी जिना भराभर चढून मुद्दाम धडधड आणायची आणि ती आपसूक उतरताना बघायची, हाही उपचाराचाच भाग आहे. मात्र गरोदरपण, दमा, फिट्स यांपैकी काही असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. संज्ञानात्मक वर्तन उपचार करणाऱ्या मानसतज्ज्ञाबरोबर काही आठवडे काम केलंत तर वाट पुष्कळ सोपी होते. औषधंही आहेत. रोज घ्यायची जी असतात त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या काही दिवसांत बेचैनी थोडी वाढूही शकते, आणि तेवढ्यात लोक ती सोडून देतात. अल्प्राझोलाम मात्र मिनिटांत गुण देतं, आणि तीच त्याची अडचण आहे. त्याची सवय लागते.

तुमच्या नवऱ्याने पत्राखाली वेगळ्या शाईत विचारलं आहे की मी काय बोलू. 'काहीही झालेलं नाही' असं म्हणू नका, कारण तिला होत असतं. 'मी इथे आहे, हे थोड्या वेळात उतरेल' एवढं पुरे.

इतर वाचकांसाठी, हे पत्र वाचून छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला पॅनिक ठरवू नये. पहिल्यांदाच छाती भरून आली, घाम सुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, आणि त्यातून चाळिशी उलटली असेल किंवा मधुमेह असेल, तर श्वास मोजत बसू नका. १०८ला फोन करा. तपासण्यांनंतर 'काही नाही' असं ऐकून घरी परतणं केव्हाही परवडतं.

दहा आकडे मोजून झाले

"तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे. मुलगा बारावीला, नीटची तयारी करतो. रात्री आठला बागेतून येतो तर हा मोबाइलवर. माझं डोकं फिरतं. दहा आकडे मोजायला सांगतात. मोजले. दहाव्या आकड्याला जास्तच चिडलेलो असतो. मेव्हणा म्हणतो, राग आत ठेवू नको, उशीवर काढ, नाहीतर कुकरसारखा फुटशील. परवा पोरावर हात उचलला. तो जेवला नाही, त्याची आई दोन दिवस बोलली नाही. माझे वडीलही असेच होते. उपाय सांगा."

हात उचलल्याबद्दल मुलाची माफी मागा. 'पण तूसुद्धा…' हे शेपूट न जोडता. बापाने माफी मागितली तर मान राहत नाही, असं तुम्हाला शिकवलं गेलं असेल. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मान कसा राखायचा हे शिकवण्याची दुसरी संधी तुम्हाला लवकर मिळणार नाही. आणि हात पुन्हा उचलायचा नाही, यात 'प्रयत्न करतो' नको.

आता आकड्यांचं. दहा आकडे म्हणजे दहा सेकंद. भडकलेलं शरीर निवायला निदान वीस मिनिटं धरा, कधी जास्त. तुम्ही मोजत होतात आणि नजर मोबाइलवरच होती. त्याने राग दहाव्या आकड्याला वाढणारच.

मेव्हण्यांचा कुकर जरा बाजूला ठेवूया. राग म्हणजे कोंडलेली वाफ, शिटी झाली की दाब कमी, ही समजूत फार जुनी आहे आणि बऱ्याच समुपदेशकांनीही ती पोसली आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आयोवा इथे तिची परीक्षा घेतली. २००२ साली ती प्रसिद्ध झाली. मुद्दाम चिडवलेल्या विद्यार्थ्यांतल्या काहींना, चिडवणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. राग सगळ्यात जास्त उरला तो ठोसे मारणाऱ्यांचा. उशी बडवणं म्हणजे रागाचा सरावच. मग गिळायचा का? तोही मार्ग चांगला नाही. चेहरा दगडासारखा ठेवला तरी आतली भावना कमी होत नाही, आणि शरीरावरचा ताण मात्र वाढतो.

राहिला तिसरा मार्ग, जागा सोडण्याचा. भीती वाटली तर थांबायचं, असं वरच्या ताईंना सांगितलं. राग आला की नेमकं उलटं, निघायचं. पण तडकाफडकी दार आपटून नाही. आजच, डोकं थंड असताना, घरात सांगून ठेवा, 'मला चढायला लागलं की मी बाहेर जाईन आणि अर्ध्या तासाने परत येईन. मागे येऊ नका, विषय तेव्हा बोलू.' आणि अर्ध्या तासाने खरंच परत यायचं. न सांगता गेलात तर तो अबोला होतो, आणि परत आला नाहीत तर पळ. बाहेर जाऊन काय करायचं हेही ठरलेलं असू द्या. बांधावर चालता चालता मनातल्या मनात पोराला झापत राहिलात तर तिथेही ठोसेच मारत असता. हाताला काम द्या. ठिबकच्या नळ्या बघा, जनावरांना वैरण घाला.

त्याहून महत्त्वाचं काम राग येण्याच्या आधीचं आहे. तुमच्याच पत्रात वेळ दिली आहे, रात्री आठ. पहाटे फवारणी, दिवसभर बाग, दुपारचं जेवण कधी झालं कोणास ठाऊक. त्या वेळी घरात शिरणारा माणूस दमलेला आणि भुकेला असतो. एक नियम करा. हातपाय धुऊन जेवण होईपर्यंत 'अभ्यास' आणि 'मोबाइल' हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. बागेची जशी फवारणीची नोंद ठेवता तशी महिनाभर रागाची ठेवा. तारीख, वेळ, शेवटचं खाणं किती वाजता, त्या दिवशी बाहेर काय झालं होतं. आभाळ भरून आलं, डावणी रोगाची भीती, व्यापाऱ्याने दर पाडला, बँकेची नोटीस, हे त्या वहीत मोबाइलच्या शेजारी दिसायला लागलं तर मला नवल वाटणार नाही. बऱ्याच घरांत बापाचा राग हा बापाच्या भीतीचा आवाज असतो. पोराला शिव्या देता येतात, अवकाळी पावसाला देऊन काय उपयोग? (संध्याकाळी दारू होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर वहीत तेही लिहा. ती राहिली तर वरचं काही टिकणार नाही.)

आणि एक वाक्य तपासा, 'त्याने अभ्यास केलाच पाहिजे.' अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिसचं म्हणणं असं की इच्छा माणसाला भडकवत नाही, 'च' भडकवतो. 'त्याने अभ्यास करावा असं मला फार वाटतं, पण त्याच्या वतीने मी करू शकत नाही' हे वाक्य म्हणून बघा. पहिल्या दिवशी खोटं वाटेल. चालेल. ब्लडप्रेशर मोजून घ्या, तेवढं मात्र ढकलू नका.

मित्राच्या खिशातली गोळी

"पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो. मुख्य परीक्षा पास झालो, मुलाखत आहे. सरावाच्या मुलाखतीतच हृदय बाहेर येतं की काय असं होतं, आवाज कापतो. अभ्यासिकेतला मित्र एक गोळी घेतो, म्हणतो धडधड बंद होते. घेऊ का?"

ती बहुधा प्रोप्रानोलॉल असावी. मंचावरच्या धडधडीसाठी डॉक्टर ती देतातही. पण दम्याच्या माणसाला ती घातक ठरू शकते, आणि नाडी किंवा रक्तदाब मुळात कमी असेल तर भोवळ येऊ शकते. मित्राच्या खिशातून घ्यायची ती वस्तू नाही. पहिल्यांदा मुलाखतीच्या दिवशी तर मुळीच नाही. घ्यावीशी वाटत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा.

तुमच्या बाबतीत 'शांत हो' हा सल्ला जरा बाजूलाच ठेवावा असं माझं मत आहे. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनोळखी लोकांसमोर गाणं, भाषण आणि गणितं अशी कामं लोकांना दिली. सुरुवातीला 'मी शांत आहे' असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' असं म्हणणाऱ्यांनी कामं चांगली केली. कारण उघड आहे. धावत्या हृदयाला एकदम थांबवणं अवघड, पण ते कशासाठी धावतंय त्याचा अर्थ बदलता येतो. वर्षानुवर्षं ज्या खोलीत शिरण्यासाठी धडपडलात तिच्या दाराशी हृदय धावणार नाही तर कधी धावणार? दुसरं, सराव मैत्रीपूर्ण पॅनेलपुढे फार होतो. न हसणारे, मध्येच तोडणारे तीन जण गोळा करा. पहिल्या उत्तराचं पहिलं वाक्य मुद्दाम सावकाश बोला, उरलेला वेग आपोआप त्यामागे येतो. त्या सकाळी तिसरा चहा नको.

सावर, मुलासाठी

"चिपळूणहून लिहिते. चार महिन्यांपूर्वी अपघातात हे गेले. दिवसभर सगळं करते, रात्री दोनला जाग येते आणि आवरत नाही. सगळे म्हणतात, मुलासाठी सावर. तो नऊ वर्षांचा आहे, त्याच्यासमोर रडायचं नाही म्हणून न्हाणीघरात जाते. शेजारच्या काकू त्यांची झोपेची अर्धी गोळी देतात. मला शांत होण्यासाठी काही व्यायाम सांगा."

तुमच्यासाठी माझ्याकडे व्यायाम नाही. असता तरी दिला नसता.

पहिल्या दोघांना मी वेळ काढायला सांगितलं, कारण भीती आणि राग यांचा भर मिनिटांत ओसरतो आणि तोवर नुकसान होऊ नये एवढंच बघायचं असतं. तुमच्या रडण्यात ओसरवण्यासारखं काही बिघडलेलं नाही. चार महिन्यांत सावरावं असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. लांबलेला शोक हा आजार मानताना जागतिक आरोग्य संघटना निदान सहा महिने आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचं वर्गीकरण मोठ्यांसाठी निदान बारा महिने धरतं. तेव्हाही नुसत्या रडण्यावरून नाही, जगणं ठप्प झालं असेल तर. मासिक श्राद्धाच्या दिवशी, वाढदिवसाला, पहिल्या गणपतीला एकदम जास्त होईल. तेव्हा 'मी मागे गेले' असं समजू नका.

मुलासमोर रडा. न्हाणीघरातून आलेले लाल डोळे त्याला दिसतातच. दिसतं पण बोलायचं नाही, एवढंच तो शिकतो. 'बाबांची आठवण आली म्हणून रडतेय, थोड्या वेळाने जेवायला वाढते' असं म्हणा. वाढायला उठलात की त्याला जे कळायचं ते कळेल. तो मध्येच खेळायला पळाला, कार्टून बघून हसला, तर त्याला दुःख नाही असं कोणी म्हणू नये. या वयातली मुलं दुःख तुकड्यातुकड्यांत करतात. 'बाबा झोपलेत', 'बाबा गावाला गेलेत' अशी उत्तरं मात्र नकोत. त्याला झोपायची भीती वाटेल, किंवा तो वाट बघत बसेल.

काकूंची गोळी थांबवायची आहे, पण रोजची झाली असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. दोन वाजता जाग आली की अंथरुणात तळमळत न पडता उठून बसा. यजमानांबद्दल लिहावंसं वाटलं तर लिहा. सासूबाई घरात असतील तर त्याही बहुधा जाग्याच असतील. घरातल्या दोन बायका एकमेकींना त्रास नको म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत रडत असतात, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की विचारायलाही नको. एकदा त्यांच्यापाशी जाऊन बसून बघा. खाणं सुटलं, वजन उतरत गेलं, मुलाचं करणंही जमेना किंवा आपणही जावं असं मनात यायला लागलं, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

सलाईन लावताना समोर मोबाइल

"उपजिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं नोकरी. रात्री वॉर्डात एकटी असते. सीरियस पेशंट आला की नातेवाईक आरडाओरडा करतात, एक जण मोबाइलवर शूटिंग करतो. माझे हात थरथरतात, शिर सापडत नाही. घरी गेल्यावर कारण नसताना रडते नाहीतर मुलांवर ओरडते. या नोकरीला मी नालायक आहे का?"

अकरा वर्षं रात्रपाळ्या काढलेल्या बाईने हा प्रश्न विचारावा याचाच मला राग आला. (आणि तो कुठल्या उशीवर काढायचा नाही हे वर लिहून बसले आहे.)

थरथर अॅड्रेनलिनची आहे, नालायकीची नाही. हात अधांतरी असला की ती जास्त दिसते, म्हणून मनगट किंवा कोपर कॉटला टेकवा, तळपाय जमिनीवर पक्के ठेवा आणि पुढची पायरी ओठांतल्या ओठांत म्हणा, 'पट्टा बांधला, शिर बघते, स्पिरिट'. लक्ष बोटांवर राहतं आणि ओरडणाऱ्यांना जागा कमी उरते. मनातल्या मनात 'मी घाबरले आहे' असं नाव देण्याचाही उपयोग होतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या चित्रणांत, भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या धोका हेरणाऱ्या भागाची हालचाल मंदावलेली दिसली. ओरडणाऱ्यांतला सगळ्यात कमी ओरडणारा माणूस निवडा आणि त्याला काम द्या, 'दादा, हा दिवा इकडे धरा' किंवा 'ही चिठ्ठी काउंटरवर द्या'. काम मिळालेला नातेवाईक सहसा शूटिंग करत नाही.

घरचं रडणं म्हणजे वॉर्डात ज्याला वेळ मिळाला नाही ते, नंतर आलेलं. रात्रपाळी संपल्यावर थेट घरी जाऊ नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, किंवा ड्यूटी बदलायला आलेल्या सिस्टरला रात्रीचं सगळं सांगा, पेशंटचं नाही, स्वतःचं. मुलांना सांगून ठेवा की आई आल्यावर आंघोळ होईपर्यंत काही मागायचं नाही. आणि रात्रपाळ्यांनंतर झोप किती तास मिळते हे आठवडाभर लिहा. चार-पाच तासांच्या झोपेवर माझाही आवाज चढतो.

पण यापुढे जाऊन एक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर तुमच्या छातीत नाही. रात्री वॉर्डात एक नर्स आणि समोर जमाव, इथे कोणाचेही हात थरथरतील. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हिंसा करण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्यात नर्सही येतात. वॉर्डच्या दारावर तो मराठीत लावून घ्या. ज्या रात्री दमदाटी झाली त्या रात्रीची नोंद, वेळेसकट, रजिस्टरमध्ये करा आणि तिची प्रत मेट्रनना द्या. रात्रपाळीला दुसरी नर्स आणि दारावर सुरक्षारक्षक हवा, हे अधीक्षकांना तोंडी न सांगता लेखी द्या, शक्य तितक्या सहकाऱ्यांच्या सह्यांनी, आणि रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी त्यातच मागणी करा. पोच घ्यायला विसरू नका.